एक्स टर्मिनल म्हणजे जुना मॉनिटर नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी ज्या शैक्षणिक संस्थेत अनेक वर्षे संगणक-व्यवस्थापक म्हणून काम केले, तेथील जुन्या सामग्रीचा गेल्या महिन्यात लिलाव झाला. निर्लेखनाच्या यादीत ‘मॉनिटर, जुने, नग २४’ अशी एक ओळ होती. भंगारवाल्याने ते सर्व नग वजनावर उचलले आणि टेम्पोत भरून नेले. मला हे कळले तेव्हा चार दिवस उलटून गेले होते. त्या चोवीस नगांपैकी अठरा नग मॉनिटर नव्हते, ती एक्स टर्मिनल्स होती. प्रत्येकाच्या आत स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची मेमरी आणि इथरनेटची, म्हणजे संगणक तारेने एकमेकांना जोडण्याची, जोडणी होती. ती १९९३ साली संस्थेत आली तेव्हा डेडस्टॉक रजिस्टरमध्ये त्यांच्यासाठी योग्य रकाना सापडेना, म्हणून भांडार विभागाने त्यांची नोंद मॉनिटर म्हणून केली. ती नोंद होत असताना मी शेजारी उभा होतो आणि ती दुरुस्त करून घेण्याचे मला सुचले नाही. तीस वर्षांनी त्याच एका शब्दामुळे ती यंत्रे भंगारात गेली. आपल्या राज्यातील ज्या महाविद्यालयांच्या, संशोधन संस्थांच्या आणि कारखान्यांच्या भांडारांत अशी यंत्रे अजून पडून असतील, तेथे हीच चूक पुन्हा होऊ नये यासाठी हे पत्र लिहीत आहे.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९८३ मध्ये डिजिटल इक्विपमेंट आणि आयबीएम या कंपन्यांच्या साहाय्याने ‘प्रोजेक्ट अथेना’ सुरू झाला. विद्यापीठाच्या आवारात निरनिराळ्या कंपन्यांचे संगणक होते, आणि त्यांतील कोणत्याही संगणकावर चालणारा प्रोग्रॅम कोणत्याही टेबलावरच्या पडद्यावर दिसावा अशी गरज होती. बॉब शाइफलर आणि जिम गेटिस यांनी १९८४ मध्ये त्यासाठी जी खिडक्यांची पद्धत रचली तिचे नाव एक्स. स्टॅनफर्ड विद्यापीठातील डब्ल्यू नावाच्या पद्धतीनंतरची म्हणून पुढचे अक्षर घेतले गेले. तिची अकरावी आवृत्ती सप्टेंबर १९८७ मध्ये बाहेर पडली आणि तिचा मूळ संकेत, म्हणजे यंत्रांनी परस्परांशी बोलण्याचे नियम, आजही तोच आहे. या पद्धतीत सर्व्हर या शब्दाचा अर्थ आपल्या नेहमीच्या समजुतीच्या उलट आहे. पडदा, कीबोर्ड आणि माउस सांभाळणारा तो सर्व्हर, म्हणजे सर्व्हर आपल्या टेबलावर असतो; आणि दूरच्या मोठ्या संगणकावर चालणारा प्रोग्रॅम हा त्याच्याकडे चित्र काढून मागणारा क्लायंट असतो. केवळ असा सर्व्हर चालवण्यासाठीच बनवलेले, डिस्क नसलेले यंत्र म्हणजे एक्स टर्मिनल. कॅलिफोर्नियातील नेटवर्क कंप्युटिंग डिव्हायसेस म्हणजे एनसीडी ही कंपनी या व्यवसायात अग्रेसर होती. ह्युलेट-पॅकार्ड, डिजिटल, आयबीएम, टेक्ट्रॉनिक्स यांनीही आपापली यंत्रे काढली.

आता मुख्य प्रश्न असा की केवळ चित्र दाखवणाऱ्या यंत्रात बलवान प्रोसेसर कशासाठी हवा होता. याचे उत्तर साध्या हिशेबात मिळते. १२८० गुणिले १०२४ ठिपक्यांचा आणि प्रत्येक ठिपक्याला एक बाइट रंग असलेला पडदा घेतला, तर पूर्ण चित्राला १३,१०,७२० बाइट लागतात. त्या काळच्या इथरनेटचा वेग सेकंदाला १ कोटी बिट, म्हणजे एक संपूर्ण चित्र जसेच्या तसे पाठवायचे तर, तारेवर दुसरे कोणीही नसताना, एका सेकंदाहून अधिक वेळ गेला असता. प्रत्यक्षात त्याच तारेवर वीस-पंचवीस माणसे काम करीत असत. म्हणून एक्सच्या रचनाकारांनी चित्र न पाठवता चित्र काढण्याची आज्ञा पाठवण्याची रीत ठेवली. एक आयत रंगाने भरण्याच्या आज्ञेला फक्त २० बाइट लागतात. मात्र ती २० बाइटची आज्ञा पोचल्यावर तो आयत पडद्याएवढा असेल तर तेरा लाख बाइट लिहिण्याचे श्रम टेबलावरच्या यंत्राला करावे लागतात. खिडकी सरकवली की तिच्यातील प्रत्येक ओळ एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवायची, अर्धी झाकलेली खिडकी उघडी पडली की तेवढाच भाग मागवून घ्यायचा, अक्षरांचे केवळ क्रमांक आले की आपल्याजवळच्या फाँटमधून त्यांचे ठसे उमटवायचे, ही सर्व कामे टर्मिनलची. दूरचा संगणक कितीही वेगवान असला तरी हाताखालचे टर्मिनल मंद असेल तर काम मंदच वाटत असे, हा माझा रोजचा अनुभव होता.

याच कारणाने एक्स टर्मिनल्सचा इतिहास हा प्रोसेसरांचाही इतिहास आहे, आणि माझ्या मते त्या यंत्रांचे खरे मोल येथेच आहे. वैयक्तिक संगणकाच्या बाजारात प्रोसेसर बदलणे जवळजवळ अशक्य होते, कारण लोकांनी विकत घेतलेले प्रोग्रॅम एकाच आज्ञासंचाला, म्हणजे प्रोसेसरला समजणाऱ्या आज्ञांच्या एकाच संचाला, बांधलेले होते. एक्स टर्मिनलवर ग्राहकाचा स्वतःचा प्रोग्रॅम सहसा चालतच नसे. तेथे चालणारा प्रोग्रॅम निर्मात्यानेच लिहिलेला असे आणि बाहेरच्या जगाशी त्याचे नाते केवळ तारेवरच्या संकेताचे असे. आत कोणती चिप आहे हे वापरणाऱ्याला कळण्याचे काही कारण नव्हते. अनेक बाइटांची संख्या कोणत्या टोकाकडून लिहायची हे चिपगणिक वेगळे असते; संकेताने त्या क्रमाचीही सोय करून ठेवली होती: जोडणी करताना क्लायंट पहिल्याच बाइटमध्ये कॅपिटल बी किंवा स्मॉल एल हे अक्षर पाठवून आपला क्रम मोठ्या टोकाकडून आहे की लहान टोकाकडून हे सांगतो, आणि उलटापालट करण्याची जबाबदारी टर्मिनलने घ्यायची असते. त्यामुळे निर्मात्याला जी चिप त्या वर्षी स्वस्त आणि वेगवान वाटेल ती तो निर्धास्तपणे बसवू शकत होता. दहा-बारा वर्षांच्या त्या काळात जवळपास प्रत्येक महत्त्वाच्या आज्ञासंचाने या पेट्यांमध्ये हजेरी लावली.

एनसीडीच्या आरंभीच्या एनसीडी-१६ या यंत्रात १२.५ मेगाहर्ट्झचा मोटोरोला ६८००० हा प्रोसेसर होता आणि १०२४ गुणिले १०२४ ठिपक्यांचा चौकोनी, केवळ काळापांढरा पडदा होता. अशा एकरंगी पडद्याला १२८ किलोबाइट पुरत, त्यामुळे तो प्रोसेसर वेळ निभावून नेई. रंग आले आणि तेच काम आठपट झाले. तेव्हा याच कंपनीने मोटोरोलाचा ८८१०० हा नवा प्रोसेसर घेतला, पण त्याच्यासोबत येणारी मेमरी-व्यवस्थापनाची ८८२०० ही जोडचिप घेतली नाही. यात काटकसर तर होतीच, पण समजही होती. टर्मिनलमध्ये एकच प्रोग्रॅम चालतो, डिस्क नसते, एका वापरकर्त्याचे दुसऱ्यापासून संरक्षण करायचे नसते; मग आभासी मेमरीचा (डिस्कची जागा मेमरीसारखी वापरण्याच्या सोयीचा) खर्च कशासाठी करायचा? पुढे मोटोरोलाने पॉवरपीसी या दुसऱ्या आज्ञासंचाची वाट धरली आणि ८८००० ही शाखा खुंटली, त्यामुळे तो प्रोसेसर हाताळायला मिळेल अशा जागा आज फार थोड्या उरल्या आहेत.

ह्युलेट-पॅकार्डच्या ७००/आरएक्स मालिकेत इंटेलचा आय-९६० सीए हा प्रोसेसर होता. १९८९ मध्ये आलेली ही चिप आपल्या घड्याळाच्या एका ठोक्यात एकाहून अधिक आज्ञा सुरू करू शकत असे, आणि दशांश अपूर्णांकांचे गणित करणारा भाग किंवा मेमरी-व्यवस्थापन तिच्यात नव्हते, कारण ती मुळातच यंत्रांच्या पोटात बसवण्यासाठी घडवलेली होती. इंटेल म्हटले की आपल्याकडे लोकांना केवळ वैयक्तिक संगणकाची चिप आठवते; त्याच कंपनीचा एक सर्वस्वी निराळा आणि माझ्या दृष्टीने अधिक देखणा आज्ञासंच वर्षानुवर्षे आमच्या प्रयोगशाळेच्या टेबलांवर काम करीत होता, हे मी प्रत्येक नव्या तुकडीला आवर्जून सांगत असे. डिजिटलने आपल्या व्हीएक्सटी-२००० या टर्मिनलमध्ये आपल्या मोठ्या संगणकांचा व्हॅक्स हा आज्ञासंचच वापरला. १९७७ मध्ये व्हॅक्स-११/७८० कपाटांच्या आकारात आला होता, आणि साधारण पंधरा वर्षांत तोच आज्ञासंच पडद्याखालच्या चपट्या पेटीत येऊन बसला. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या १९८६ मधील टीएमएस-३४०१० या चित्रकामासाठीच्या प्रोसेसरमध्ये मेमरीचा पत्ता बाइटचा नसून बिटचा असे, आणि चित्राचा चौकोनी तुकडा उचलून दुसरीकडे ठेवणे ही एकच आज्ञा होती. एलएसआय लॉजिक या कंपनीने मिप्स या आज्ञासंचाच्या प्रोसेसर-गाभ्याला चित्र हलवणारे मंडल जोडून एलआर-३३०२० ही चिप या कामासाठीच काढली. शेवटच्या पिढीत एनसीडीच्या एक्सप्लोरा मालिकेत आयबीएमचा पॉवरपीसी ४०३ आला. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९९ मध्ये काढलेल्या सन रे या यंत्रात मायक्रोस्पार्क हा प्रोसेसर होता, पण त्याचा संकेत एक्सचा नव्हता. तेथे सर्व चित्र दूरच्या संगणकावरच तयार होऊन ठिपक्यांच्या रूपात येत असे. तोवर नेटवर्कचा वेग वाढल्यामुळे हे परवडू लागले होते.

या सर्वांच्या आधीचे एक यंत्रही येथे नोंदवायला हवे. बेल लॅब्जमध्ये १९८२ च्या सुमारास रॉब पाइक आणि बार्ट लोकँथी यांनी ब्लिट नावाचे टर्मिनल घडवले. ६८०००, २५६ किलोबाइट मेमरी आणि ८०० गुणिले १०२४ ठिपक्यांचा उभा पडदा असे त्याचे स्वरूप होते. ते इथरनेटवर नव्हे तर साध्या सिरियल तारेवर चालत असे. तार अत्यंत मंद असल्यामुळे त्यांनी प्रोग्रॅमचेच दोन भाग केले आणि पडद्याशी संबंधित भाग सरळ टर्मिनलमध्ये उतरवला. विक्रीसाठी टेलिटाइप ५६२० या नावाने ते यंत्र आले तेव्हा त्यात मोटोरोलाच्या जागी एटी अँड टी समूहाचा स्वतःचा ३२ बिटांचा प्रोसेसर बसवण्यात आला. आज ब्राउझरमध्ये पानासोबत प्रोग्रॅम उतरवून तो आपल्या यंत्रावर चालवला जातो, तेव्हा मला ब्लिटची आठवण येते.

आता मी जे सांगू इच्छितो ते असे, की ही यंत्रे जतन करायची तर केवळ पेटी ठेवून भागत नाही. टर्मिनलला वीज दिली की त्याच्या रॉममधील (न पुसल्या जाणाऱ्या मेमरीतील) छोटा प्रोग्रॅम जागा होतो, नेटवर्कवर ‘माझा पत्ता काय’ असे विचारतो (यासाठीचा बूटपी हा संकेत १९८५ चा), आणि उत्तर मिळाले की टीएफटीपी या पद्धतीने आपले सॉफ्टवेअर दुसऱ्या संगणकावरून मागवून घेतो. ते मिळाले नाही तर बहुतेक टर्मिनल्स काहीही करू शकत नाहीत. आमच्याकडे भारनियमनानंतर वीज आली की सगळी टर्मिनल्स एकाच क्षणी जागी होत आणि एकाच संगणकाकडे ती फाइल मागत. टीएफटीपी एका वेळी ५१२ बाइट पाठवून पोच येईपर्यंत थांबते, म्हणजे दोन मेगाबाइटच्या फाइलला चार हजार फेऱ्या, आणि अशी अठरा यंत्रे एकाच को-ऍक्सियल तारेवर. शेवटी आम्ही भिंतीवरची बटणे तीन गटांत विभागली आणि एक गट पूर्ण उठल्याशिवाय दुसरा सुरू करायचा नाही असा नियम केला. पुढे विद्यार्थी वेब ब्राउझर उघडू लागले तेव्हा पानांवरची चित्रे टर्मिनलच्या आठ मेगाबाइट मेमरीत साठत जाऊन ती भरत असे, टर्मिनल पुन्हा सुरू होई आणि उघडलेल्या सर्व खिडक्या एकदम बंद होत. दोन विद्यार्थिनींच्या प्रकल्प-अहवालाचे अर्ध्या दिवसाचे काम असेच गेले. त्यानंतर आम्ही ब्राउझरसाठी वेगळी दोन यंत्रे ठेवली.

ते सॉफ्टवेअर आमच्या संस्थेत एका मोठ्या संगणकाच्या डिस्कवर होते आणि मूळ प्रत टेपच्या कॅसेटवर होती. तो संगणक टर्मिनल्सच्या कितीतरी आधी मोडीत निघाला आणि टेपा कपाट रिकामे करताना फेकल्या गेल्या. म्हणजे लिलावाच्या दिवशी टर्मिनल्स सुस्थितीत असली तरी ती उठवण्याचे साधन संस्थेत उरलेले नव्हते. ज्यांनी हे साधन सांभाळले त्यांना काय करता आले याची उदाहरणे आहेत. टेलिटाइप ५६२० च्या रॉममधून उतरवलेल्या मजकुरावरून एका अमेरिकन अभ्यासकाने ते टर्मिनल आजच्या संगणकावर हुबेहूब चालवून दाखवले. जुनी यंत्रे आजच्या संगणकावर चालवून दाखवणाऱ्या मेम (MAME) या अनुकरण-प्रकल्पात एनसीडीच्या ६८००० कुळातील टर्मिनल्सवर काम झाले आहे. एक्सप्लोरा मालिकेतील एका यंत्रावर नेटबीएसडी ही मुक्त प्रणाली चालते, त्यामुळे त्या यंत्राला मूळ निर्मात्याच्या फाइलची गरज राहिली नाही. शिवाय संकेत १९८७ पासून न बदलल्यामुळे, असे टर्मिनल एकदा उठले की आजच्या लिनक्स संगणकावरचे एक्सटर्म किंवा एक्सक्लॉकसारखे साधे प्रोग्रॅम ते आजही दाखवू शकते. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला नेटवर्कचा संकेत, आज्ञासंच आणि चित्ररेखन या तीन गोष्टी एकाच टेबलावर, आणि तारेवर जाणारा प्रत्येक बाइट टिपून, दाखवता येतील असे दुसरे साधन माझ्या माहितीत नाही.

येथे आपल्या भाषेशी संबंधित एक गोष्टही नोंदवतो. एक्सच्या मूळ मजकूर-आज्ञा एका क्रमांकाला एक ठसा या तत्त्वावर चालतात. जोडाक्षरे, रफार, किंवा व्यंजनाच्या आधी दिसणारी पण नंतर उच्चारली जाणारी ऱ्हस्व वेलांटी त्या तत्त्वात बसत नाही. देवनागरीचा हा प्रश्न आपल्या देशात वेगळ्या वाटेने सोडवला गेला. आयआयटी कानपूर येथे १९८० च्या दशकाच्या आरंभी सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले जिस्ट हे तंत्र भारतीय लिप्यांचा सर्व व्यवहार टर्मिनलच्या किंवा जोडकार्डाच्या आतच करीत असे, आणि त्यामागचा इस्की हा संकेत १९९१ मध्ये भारतीय मानक झाला. जिस्टची कार्डे आणि टर्मिनल्स अनेक शासकीय कार्यालयांत होती. त्यांची नोंदही रजिस्टरमध्ये कोणत्या नावाने झाली असेल याची मला काळजी वाटते.

ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत आणि ते आवश्यकच आहेत; जुन्या चित्रनळीच्या काचेत शिसे असते आणि ती कोणीही हातोडीने फोडू नये. माझे म्हणणे एवढेच आहे की, यादी अंतिम करण्यापूर्वी संबंधित विभागाने प्रत्येक ‘मॉनिटर’ मागून पाहावा. मागे नेटवर्कची बीएनसी (गोल, फिरवून बसवायची) किंवा आरजे-४५ (टेलिफोनच्या जोडणीसारखी, पण रुंद) जोडणी असेल, आणि वेगळा कीबोर्ड व माउस थेट त्यालाच लागत असेल, तर ते बहुधा टर्मिनल आहे. ते चालू करून किंवा उघडून पाहायचे असल्यास जाणकाराकडूनच करावे, कारण चित्रनळीत वीज बंद केल्यावरही उच्च दाब शिल्लक राहतो. मॉडेल क्रमांक, आतील मुख्य चिपवरील अक्षरे आणि इथरनेट पत्ता लिहून छायाचित्रे घ्यावीत. रॉमच्या चिप काढता येण्याजोग्या असतील तर त्यांतील मजकूर उतरवून घ्यावा. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागात त्याचे उपकरण बहुधा असतेच. जुन्या टेपा, फ्लॉपी, मॅन्युअल आणि टर्मिनलच्या सॉफ्टवेअरच्या फाइली असलेल्या डिस्क या टर्मिनलसोबतच एका खोक्यात ठेवाव्यात. दहापैकी नऊ यंत्रे नियमाप्रमाणे पुनर्वापराला द्यावीत, पण एक चालू स्थितीतले, त्याच्या खोक्यासह, विभागातच ठेवावे आणि डेडस्टॉक रजिस्टरमध्ये त्याचे खरे नाव लिहावे.

माझ्याकडे त्या अठरा टर्मिनल्सच्या स्थापनेच्या वेळची वही आहे. तीत प्रत्येक यंत्राचा पत्ता, मेमरी आणि सुरुवातीच्या फाइलचे नाव हाताने लिहिलेले आहे. यंत्रे गेली असली तरी त्याच मालिकेतील एखादे टर्मिनल महाराष्ट्रात कोठे शिल्लक असेल आणि संबंधित संस्था ते उठवण्याचा प्रयत्न करणार असेल, तर ती वही त्यांना देण्याची आणि प्रत्यक्ष येऊन मदत करण्याची माझी तयारी आहे. अशा संस्थांनी आपल्या दैनिकाच्या कार्यालयाकडे कळवल्यास आपण ते माझ्यापर्यंत पोचवावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त संगणक-व्यवस्थापक, पुणे